पाहणे निर्दोष आहे काय?

पाहण्याने कोणाचे काही जात नाही, असा आपला सर्वसाधारण समज आहे. बागेतील फूल कोणी तोडले तर माळी रागावेल. परंतु तेच फूल कोणी घटकाभर उभे राहून डोळे भरून पाहिले तर हरकत घेण्याचे त्यास कारण नाही. फूल होते तेथेच राहते आणि पाहणाराही तृप्त होऊन जातो. चोरी, हिंसा, अपहार यांसाठी शास्त्रकारांनी आणि कायदेकारांनी दंड सांगितले. नुसत्या पाहण्याला मात्र त्यांनी बहुधा मोकळीक दिली. तथापि हा समज दिसतो तितका सरळ नाही, याची साक्ष आपली घरेच देतात. आपण खिडक्यांना पडदे का लावतो? तान्ह्या मुलाच्या गालावर काजळाची तीट लावणारी आजी कशास भीत असते? दृष्ट लागण्याची कल्पना खुळी असेल. परंतु परक्याची नजर ज्याच्यावर पडते त्याच्या जीवनात ती काही तरी फरक करून जाते, ही त्या कल्पनेच्या बुडाशी असलेली जाणीव खुळी नाही. पाहणे निर्दोष आहे काय, आणि असलेच तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न मला एका लहानशा पक्ष्याने घातला. त्याचे उत्तर देण्याचे मी पुष्कळ दिवस टाळले. आज ते देण्याचा यत्न करीत आहे.

मी वारजे येथे राहतो. एका अंगास मुठा नदी, मधून जाणारा मुंबई–बंगळूर महामार्ग, आणि पश्चिमेस खडकवासल्याच्या दिशेने उंचावत गेलेल्या टेकड्या असे या उपनगराचे रूप आहे. पहाटे टेकडीवर फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ जुना आहे. उजाडण्याच्या सुमारास गवतातून तित्तराची हाक उठते. एक नर ओरडला की पलीकडच्या उतारावरून दुसरा त्यास उत्तर देतो, आणि क्षणभर खालच्या महामार्गाचा घोष ऐकू येईनासा होतो. ही हाक ज्याने ऐकली नाही असा पहाटेचा फिरस्ता विरळा. हाक देणाऱ्यास ज्याने नीट पाहिले आहे असाही विरळाच. पूर्वी टेकडीवर येणाऱ्याच्या हातात काठी असे. आता पुष्कळांच्या गळ्यात कॅमेरा असतो, आणि ज्याच्या गळ्यात तो नसतो त्याच्या खिशातील फोनमध्ये तो असतोच. माझा भाचा हा असाच एक छायाचित्रांचा छांदिष्ट. त्याच्या नादाने मीही साठीच्या उंबरठ्यावर कॅमेरा घेतला, आणि तित्तर, लावा व पखुर्डी या भुईवर राहणाऱ्या पक्ष्यांच्या मागे लागलो.

पखुर्डी हे नाव शहरातील वाचकांस अपरिचित वाटेल, म्हणून तिची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. ब्रिटनच्या डोंगराळ माळरानांवर 'ग्राउज' नावाचा पक्षी असतो. त्याच्या शिकारीचा हंगाम तेथे १२ ऑगस्ट रोजी सुरू होतो, आणि तेथील शिकारी त्या तिथीची वाट आपण दसऱ्याची पाहावी तशी पाहतात. आपल्याकडच्या उघड्या, खडकाळ माळावर राहणारा, पायांवर पिसे असलेला आणि मातीच्या रंगात मिसळून जाणारा पक्षी युरोपीय लोकांना या ग्राउजासारखा वाटला, आणि त्यांनी त्यास 'सँडग्राउज', म्हणजे वाळूतला ग्राउज, असे म्हटले. हे नाव चुकीचे आहे. खरा ग्राउज भारतात नाहीच. आपली पखुर्डी कबुतरांच्या अधिक जवळची. पुण्याच्या आसपासच्या कोरड्या माळांवर हिच्या दोन जाती आढळतात. एकीच्या शेपटीतून सुईसारखी लांब पिसे निघालेली असतात आणि तिचे पोट काळसर तांबूस असते. ही उन्हे वर आल्यावर थव्याने पाण्यावर उतरते. दुसरी चित्रित पखुर्डी. हिच्या नराच्या कपाळावर काळे-पांढरे आणि छातीवर तपकिरी व काळे पट्टे असतात. मादीच्या सर्वांगावर मात्र नुसत्या बारीक आडव्या रेघा. ही दिवस मावळून अंधार दाटू लागल्यावर पाण्यावर येते. म्हणजे या दोघींची ओळख जशी रंगावरून पटते, तशी वेळेवरूनही पटते.

या पक्ष्यांना वाघाची नखे नाहीत, हरणाचे पाय नाहीत, झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधण्याची कला नाही. दगडांमध्ये एक उथळ खळगा, आणि त्यात बहुधा तीन अंडी, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्यापाशी एकच संपत्ती आहे, ती म्हणजे न दिसणे. चित्रित पखुर्डी भुईला चिकटून बसली की तिच्यावर पाय पडण्याची वेळ येईपर्यंत ती हलत नाही. ससाणा वरून जातो, कोल्हा बाजूने जातो, गुराखी गुरे घेऊन जातो. ती तेथेच असते आणि कोणाच्याही लेखी नसते. तिच्या पिसांवरची प्रत्येक रेघ ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिलेले एक उत्तर आहे, आणि ते उत्तर 'येथे कोणी नाही' असे आहे. अशा जीवाचे स्पष्ट, जवळून घेतलेले, पीस न् पीस मोजता येईल असे चित्र मिळविणे म्हणजे त्याची एकुलती एक संपत्ती त्याच्या हातून काढून घेणे होय. हे वाक्य मी आज लिहीत आहे. सात वर्षांपूर्वी मला ते सुचले नव्हते.

त्या वर्षीच्या मे महिन्यात भाचा आणि मी सासवडच्या बाजूच्या एका माळावर गेलो होतो. अकराचा सुमार, दगडांवर हात ठेववत नव्हता. एका बाभळीच्या अलीकडे मी सहज थांबलो, आणि पायांपासून सात-आठ हातांवर जो दगड मी पाहत होतो त्याला डोळा आहे असे माझ्या ध्यानात आले. ती चित्रित पखुर्डीची मादी होती. आम्ही दोघेही खाली बसलो आणि चित्रे घेतली. येथेच थांबतो तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु मध्ये गवताची एक काडी येत होती. ती चुकविण्यासाठी मी हातभर पुढे सरकलो, मग आणखी हातभर. पक्षी उठला, त्याच्याखाली तीन अंडी होती. मादी दूर उडून गेली नाही. ती थोड्या अंतरावर उतरली, एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर टाकला आणि फरफटत, अडखळत आमच्यापासून दूर जाऊ लागली. भुईवर अंडी घालणारे कित्येक पक्षी असे सोंग करतात, हे मी पुस्तकात वाचले होते. शत्रूने अंडी सोडून आपल्या मागे यावे, हा त्यातील हेतू. तो हेतू मला त्या क्षणी पूर्ण ठाऊक होता. आणि तो ठाऊक असूनही मी तिच्या मागे गेलो, कारण पसरलेल्या पंखावर ऊन फार सुंदर पडले होते. आम्ही पंधरा-वीस मिनिटे तेथे होतो. निघताना बाभळीवर एक कावळा बसलेला मी पाहिला.

त्या उन्हात मादी अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. तीन-चार दिवसांनी मी एकटाच परत गेलो. खळगा रिकामा होता. कावळ्याने अंडी नेली असतील; अथवा पिल्ले बाहेर पडून आईबापांमागे चालती झाली असतील, कारण या पक्ष्यांची पिल्ले जन्मल्यावर लवकरच घरटे सोडतात. माझा अपराध सिद्ध झाला नाही, आणि माझी निर्दोषताही सिद्ध झाली नाही. चित्र मात्र उत्तम आले. ते मोठे करून आमच्या बैठकीच्या खोलीत लावले आहे. येणारे जाणारे त्यापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "वा, काय सुंदर नाचतो आहे हो पक्षी!"

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा बाऊ! बंदुकीने मारण्यापेक्षा कॅमेऱ्याने टिपणे हे शतपट बरे नव्हे काय? बरे खरेच, आणि हा पालट लहान नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली. आपल्या माळावरच्या लाव्यांच्या एका जातीस आणि एका चंडोलास शास्त्रीय नाव देणारा तोच. त्या काळी पक्षी ओळखणे याचा अर्थ तो मारून, त्याचे कातडे सोलून, त्याची लांबी-रुंदी मोजणे असा होता. मृत देह हातात असल्यावाचून ज्ञान पुरे होत नसे. पुढे दुर्बीण आली, कॅमेरा आला, आणि जिवंत पक्षी जिवंत ठेवून त्यास ओळखता येऊ लागले. ही मनुष्याच्या ज्ञानाने अहिंसेकडे टाकलेली एक खरी पायरी आहे, आणि तिचे मोल मी कमी करू इच्छीत नाही. माझे म्हणणे इतकेच की शिकाऱ्याच्या हातातील हत्यार बदलले म्हणून शिकाऱ्याचे मनही बदलले, असे आपण फार लवकर धरून चाललो.

याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. इंग्लंडात रिचर्ड व चेरी कीर्टन या दोघा भावांनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी सजविलेले पुस्तक काढले. पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटात शिरून कॅमेरा लावून बसावयाचे. या युक्तीचे आजही कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. आता आपल्याकडे पाहा. फासेपारधी समाजातील काही मंडळी शिकविलेली गाय पुढे घालीत आणि तिच्या आडोशाने पाखरांजवळ जाऊन फासे मांडीत. त्यावरून त्यांना गायपारधी असे नाव पडले. पिंजऱ्यातील पाळीव तित्तर ओरडावयास लावावयाचा, आणि आपल्या हद्दीत कोण आला म्हणून रानातील नर चवताळून आला की तो फाशात सापडावयाचा, ही त्यांची दुसरी विद्या. आज वारज्याच्या टेकडीवर पहाटे एखादा तरुण फोनमधून तित्तराची हाक वाजवितो, आणि नर गवतातून मान उंच करून धावत येतो. बैल तोच, हाक तीच. एकाला आपण कलावंत म्हणतो. दुसऱ्याच्या जातीवर १८७१ च्या कायद्यान्वये जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्याची वाट मोकळी झाली, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी समाजाच्या मनावरचा शिक्का अद्याप पुसला गेलेला नाही.

दोघांत भेद नाही, असे मी म्हणत नाही. एकाचा पक्षी मरतो आणि दुसऱ्याचा जगतो, हा भेद मोठा आहे. परंतु तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. पारध्याला भूक होती. आम्हाला काय होते? पारधी पक्ष्याला फसवीत असे, पण स्वतःला फसवीत नसे. आपण शिकार करीत आहो हे त्यास पक्के ठाऊक असे. आम्ही पक्ष्यालाही फसवितो आणि आपण निसर्गप्रेमी आहो अशी स्वतःचीही समजूत घालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा मला हायसे वाटले नाही. कायदा माझ्या मनाच्या पुढे निघून गेलेला मला आढळला.

माझे हे विचार मी भाच्यास सांगितले, तेव्हा त्याने जो आक्षेप घेतला तो मला अजून अडवितो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही पक्ष्याला न दिसू देण्याचा हक्क देता, पण जो दिसत नाही त्याला सरकारदरबारी जागा कोण देतो? आपल्या टेकडीचेच पाहा ना." त्याचे म्हणणे खरे होते. २०१५ साली वनखात्याने वारज्याच्या सुमारे १६.८ हेक्टर उघड्या टेकडीवर झाडे लावून नागरी वन उभे करण्यास आरंभ केला. ते वन आज आम्हां सर्वांस सावली देत आहे. २०२० साली जागतिक पर्यावरणदिनी देशभर दोनशे नगरवने उभारण्याची योजना केंद्र सरकारने जाहीर केली, तेव्हा याच वनाचे उदाहरण पुढे ठेवण्यात आले. आम्हा वारजेकरांस त्याचा अभिमान वाटतो. परंतु त्या टेकडीविषयी आम्ही सारे पूर्वी काय म्हणत असू? 'ओसाड.' ज्या जमिनीवर झाड नाही ती ओसाड, ही आपली भाषा. आणि ही भाषा केवळ वारज्याची नव्हे. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळाची गणना पडिकातच केली गेली. तित्तर, लावा, चंडोल, पखुर्डी यांना मात्र दाट झाडी नको असते. त्यांचे घर म्हणजे तेच खुरटे गवत, तीच खडी, तीच विरळ बोर-बाभूळ. भाचा म्हणाला, "माळ ओसाड नाही, येथे कोणी राहते, हे दाखवायला चित्रावाचून दुसरे काय आहे? चित्र नसेल तर उद्या तेथे झाडे येतील, परवा इमारती येतील. आणि तुमची पखुर्डी न दिसण्याचा हक्क बजावीतच नाहीशी होईल."

या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी त्याचा अर्धा भाग मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. माळावरच्या जीवांची कैफियत मांडणारा कोणी तरी असलाच पाहिजे, आणि पाहिल्यावाचून कैफियत मांडता येत नाही. माळढोक पक्ष्यासाठी नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले, ते कोणी तरी त्यास चिकाटीने पाहिले, मोजले आणि त्याविषयी लिहिले म्हणूनच. न पाहणे हे काही सद्गुण नव्हे. बहुतेक वेळा ते केवळ औदासीन्य असते, आणि औदासीन्याने जितके माळ गेले तितके कॅमेऱ्याने खचित गेले नसतील. सबब 'पाहू नका' हे माझ्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

परंतु पुराव्याचे चित्र आणि मिरविण्याचे चित्र या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि आपण पहिल्याच्या नावावर दुसरे खपवितो. पखुर्डी येथे आहे एवढे सिद्ध करावयास दूरवरून घेतलेले, जरासे अस्पष्ट चित्रही पुरते. कपाळावरचे पट्टे दिसले की झाले. हाकेची नोंद पुरते. पाण्याकाठी ओल्या चिखलात उमटलेली आखूड बोटांची पावले आणि संध्याकाळची वेळ यांवरूनही जाणत्यास पुष्कळ कळते. माझ्या त्या दिवशीच्या पहिल्या चित्रात पक्षी होता, त्याचा डोळा होता, त्याची जात निःसंशय ठरत होती. आड येत होती ती केवळ एक काडी. त्या काडीपर्यंतचे माझे पाहणे ज्ञानासाठी होते. तिच्या पुढचे हातभर अंतर मी माळासाठी तोडले नाही, शास्त्रासाठी तोडले नाही. बैठकीच्या खोलीतील भिंतीसाठी तोडले.

आणि चित्र म्हणजेच पुरावा, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. पखुर्डीच्या कुळातील नर आपल्या पोटावरची पिसे पाण्यात भिजवून, ते पाणी कित्येक मैल उडत नेऊन पिल्लांना पाजतो, असे एडमंड मीड-वॉल्डो या इंग्रज गृहस्थाने १८९६ साली लिहिले. त्याने हे पक्षी पाळले होते आणि हा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. पुष्कळ पंडितांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी, १९६७ साली, टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात केलेल्या निरीक्षणांवरून, आणि त्या पिसांची रचना तपासून, ती गोष्ट खरी असल्याचे दाखवून दिले. तिला खरी ठरविणारी वस्तू एखादे देखणे चित्र नव्हते. पुनःपुन्हा केलेले, उतावीळ न झालेले पाहणे होते.

ही हकीकत मला दुसऱ्याही कारणाने महत्त्वाची वाटते. पाणवठ्याशी दबा धरून बसलेल्या छायाचित्रकारास समोर फक्त एक बुजरा नर दिसतो. तो उतरत नाही, घिरट्या घालतो, निघून जातो. छायाचित्रकार म्हणतो, उद्या पुन्हा येऊ. परंतु कोठे तरी दूर तापलेल्या माळावर दोन-तीन पिल्ले त्याच्या ओल्या पिसांची वाट पाहत असतात. ती चित्राच्या चौकटीत नसतात. आपल्या पाहण्याची किंमत कोण देतो, हे पुष्कळदा आपल्या पाहण्यात येतच नाही, कारण ती देणारा चौकटीच्या बाहेर असतो. ही गोष्ट केवळ पक्ष्यांपुरती खरी आहे, असे मला वाटत नाही. दुष्काळाचे, दंग्याचे, परक्याच्या घरातील शोकाचे चित्र काढणाऱ्यास आणि ते पाहणाऱ्या आपल्यासही ती लागू पडते.

मग पाहण्याची अट कोणती? अमेरिकेच्या पश्चिम भागातील माळांवर खऱ्या ग्राउजांची एक जात वसंत ऋतूत पहाटे ठरावीक जागी जमून नाचते. हे नृत्य पाहू इच्छिणाऱ्यांस जी शिस्त सांगितली जाते ती मला फार आवडते. उजाडण्यापूर्वी, अंधारातच, आडोशात जाऊन बसावयाचे; आणि शेवटचा पक्षी आपल्या इच्छेने निघून जाईपर्यंत, थंडी वाजो की पाय अवघडोत, बाहेर पडावयाचे नाही. पारध्याच्या विद्येची ही उलट बाजू आहे. येथे पाखरू मोकळे असते आणि पाहणारा कोंडलेला असतो. निर्दोष पाहण्याचे मर्म मला येथे सापडते. पाहण्याचा खर्च ज्याने त्याने स्वतः सोसावा. जो पाहिला जातो त्याच्यावर तो टाकू नये. यावरून मी स्वतःपुरत्या दोन कसोट्या ठरविल्या आहेत. मी येण्यापूर्वी पक्षी जे करीत होता तेच तो मी आल्यावरही करीत आहे काय? आणि हे चित्र कोणासही दाखविता येणार नाही असे ठरले, तरीही मी ते घेतले असते काय? पहिलीचे उत्तर 'नाही' असेल तर मागे सरावे. दुसरीचे उत्तर 'नाही' असेल तर आपण पक्षी पाहत नसून पक्ष्यात आपली प्रतिमा पाहत आहो, असे समजावे.

आपल्या आदिकवीची गोष्ट या संदर्भात मला नव्याने आठवते. निषादाच्या बाणाने पडलेला क्रौंच पाहून वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीतील एक बारीक तपशील मात्र आपण विसरतो. वाल्मीकी त्या दिवशी क्रौंच पाहावयास निघालेच नव्हते. ते तमसेवर स्नानाला चालले होते. पक्ष्यांकडून त्यांना काहीच नको होते. निषादाला काही हवे होते, आणि त्याला तेवढेच दिसले. ज्याला काही नको होते, त्याला सारे दिसले.

असो. मी कॅमेरा टाकून दिलेला नाही, आणि भाच्यानेही नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एका माळावरील पक्ष्यांची नोंद केली. तीत चित्रे थोडी आहेत, हाका आणि वेळा अधिक आहेत, आणि घरट्यांची जागा कोठेही दिलेली नाही. एके दिवशी सूर्य मावळल्यावर आम्ही एका डबक्यापासून पुष्कळ दूर, पाठ दगडाला टेकून बसलो. चित्र निघण्याजोगा उजेड उरला नव्हता. डोक्यावरून पंखांचा आवाज गेला, मग पाण्याकाठी बारीक खुडबुड झाली, आणि थोड्याच वेळात ती थांबली. "दिसल्या का हो, मामा?" असे भाच्याने हळूच विचारले. मी म्हणालो, "नाही, पण आल्या होत्या." नोंदवहीत आम्ही वेळ लिहिली आणि परतलो.

बैठकीतील ते चित्र मात्र मी काढून टाकलेले नाही. ते काढून टाकणे सोपे झाले असते, म्हणूनच काढले नाही. आता कोणी पाहुणा त्यापुढे उभा राहून, "काय सुंदर नाचतो आहे!" असे म्हणाला, की मी त्यास बसावयास सांगतो, चहा मागवितो आणि सांगतो, की हा नाच नव्हे. ही एक आई आहे. ती मला आपल्या मुलांपासून दूर नेत होती, आणि मी जाण्याऐवजी तिचे चित्र काढले.